शरणपूरची मुलं, मोंबासाची घंटा : एक प्रकरण अभ्यास

नाशिकला शरणपूर रोड कुठे म्हणून विचारलं, तर लहान पोरही बोट दाखवून सांगेल. दवाखाने, बँका, कपड्यांची दुकानं, संध्याकाळी सिग्नलला साचलेल्या दुचाक्या. शरणपूर हे नाव आता लोकांच्या तोंडी रस्त्याचं म्हणूनच उरलंय. ते मुळात एका वस्तीचं नाव होतं आणि त्या वस्तीत आफ्रिकेतून आलेली मुलं वाढली, हे सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो.

तिकडे केनियात, मोंबासा बेटावरून न्यालीचा पूल ओलांडला की केंगेलेनी नावाचा चौक लागतो. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, आणि शेवटचा ‘नी’ आपल्या ‘पाशी’सारखा. घंटेपाशी. तिथे एका छोट्या मनोऱ्यात खरोखरच जुनी घंटा आहे. गुलामांचे व्यापारी येताहेत अशी चाहूल लागली की ती वाजवायची आणि वस्तीने सावध व्हायचं, अशी तिची आठवण सांगतात. या भागाचं नाव फ्रेअरटाउन. ही वस्ती ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्यांतले बरेच जण नाशिकच्या शरणपुरातून गेलेले होते.

मी शाळेत शिकवते. सहावी-सातवीच्या मुलांना पूर्व आफ्रिकेची ओळख करून देताना गेली काही वर्षं मी शरणपूरचं प्रकरण वापरते. इतर शाळांतल्या शिक्षकांनी विचारलं, म्हणून ते सगळं एका जागी लिहून काढतेय.

सुरुवात एका चित्राच्या तासाला झाली. ‘पूर्व आफ्रिकेतली माणसं कशी राहतात?’ एवढाच विषय दिला होता. वह्या गोळा केल्या तर जवळजवळ प्रत्येक पानावर सिंह, गवताची झोपडी आणि वाडगं घेतलेलं हडकुळं मूल. एका मुलीने चित्राखाली ‘मदत करा’ असं लिहिलं होतं. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तिच्यापर्यंत आफ्रिका जशी पोचली, तशीच तिने काढली. ती वही मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

कुणीतरी सुचवलं की केनियातल्या एखाद्या ख्रिस्ती बालगृहाशी व्हिडिओ कॉल लावू. आपली मुलं वह्या-पेन्सिली जमवतील, तिकडची मुलं गाणं म्हणतील, नाच दाखवतील. सुचवणाऱ्याचा हेतू अगदी चांगला होता. तरी मी नाही म्हटलं आणि आजही तेच म्हणेन. बालगृहात राहणारं मूल आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड काळातून जात असतं. त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करून ‘आपली संस्कृती दाखव’ म्हणणं म्हणजे त्याचं दुःख पाहुण्यांपुढे मांडणं. आपल्या मुलांच्या मनात चित्रातलं वाडगं तसंच राहतं, उलट ते आणखी पक्कं होतं. केनियाने स्वतःच या बाबतीत मोठं वळण घेतलंय. २०१७ साली तिथल्या सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ साली मुलांविषयीचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी संस्थांमधली मुलं आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी, नाहीतर सांभाळणाऱ्या कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण जाहीर झालं. स्वाहिलीत एक म्हण आहे, ‘म्कोनो म्मोजा हाउलेई म्वाना’, म्हणजे एका हाताने मूल वाढत नाही. ज्या देशात ही म्हण घरोघरी आहे, तिथल्या मुलांना मी आमच्या वर्गाचा भूगोलाचा धडा कसा करू?

मग घराजवळचं शरणपूर आठवलं. तेही ख्रिस्ती बालगृहच. पण ते आपल्या गावातलं आणि दीडशे वर्षांमागचं. त्यातून पूर्व आफ्रिकेकडे जाणारी वाट आपल्या माणसांच्या पावलांनी पडलेली आहे. तिथली मुलं आज कुणापुढे नाचणार नव्हती. त्यांच्याबद्दल आपल्यालाच शोधावं, वाचावं लागणार होतं.

आता प्रकरणाकडे येते.

एकोणिसाव्या शतकात हिंदी महासागरात गुलामांचा व्यापार जोरात होता. आजच्या मलावी, मोझांबिक, दक्षिण टांझानिया या भागांतून माणसं पकडून किनाऱ्यावर आणत. किल्वा आणि झांजिबारच्या बाजारात ती विकली जात आणि तिथून गलबतं अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे निघत. ब्रिटिश आरमार अशी गलबतं अडवायचं. सुटलेल्या माणसांना एडन, सेशेल्स किंवा मुंबई बंदरात उतरवत. मोठी माणसं मिळेल त्या कामाला लागत. मुलांचं काय करायचं हा प्रश्न उरायचा, आणि मुंबई सरकार त्यांतली बरीच मुलं मिशनांच्या हवाली करायचं.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशन संस्थेने १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर वसवलं. नावातच आसरा आहे. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे त्यामागचं मुख्य माणूस. १८६० च्या सुमारापासून मुंबईला उतरलेली आफ्रिकन मुलं इथे ठेवली जाऊ लागली. इंग्रजांच्या कागदांत त्याला ‘आफ्रिकन असायलम’ म्हणत. मुलं लिहायला-वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकली. मुली शिवण आणि स्वयंपाक शिकल्या. प्रार्थना होती, शेतीचं काम होतं, आणि वयात आल्यावर याच मुलामुलींची आपसात लग्नंही लावली जात.

त्यांची नावं वाचताना मी दर वेळी अडखळते. जेकब वेनराइट. मॅथ्यू वेलिंग्टन. विल्यम जोन्स. इश्माएल सेमलर. जॉर्ज डेव्हिड. कॅरस फरार. हे सगळे आफ्रिकेच्या आतल्या भागातून पकडलेले, त्यांतले कितीतरी याओ समाजाचे. मॅथ्यू वेलिंग्टनचं आईबापांनी ठेवलेलं नाव चेंग्विम्बे होतं. इंग्लंडमधले दाते एखाद्या मुलाचा खर्च उचलत आणि त्यांच्या पसंतीचं नाव त्या मुलाला लागे, ही त्या काळच्या मिशनांमधली सर्रास रीत होती. वर्गात मी फळ्याच्या एका बाजूला ‘चेंग्विम्बे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मॅथ्यू वेलिंग्टन’ लिहिते आणि काही बोलत नाही. मुलं आपणहून विचारतात, “बाई, त्याला आधीच्या नावाने कोण हाक मारत असेल?”

या प्रश्नाशीच प्रकरणाचं मर्म आहे. शरणपूरने या मुलांना जीवदान दिलं. अन्न, छप्पर, हातात कसब आणि डोक्यात अक्षर दिलं. हे मोठं काम होतं, ते कमी लेखायला मी तयार नाही. पण ती जिथून आली तिथलं काहीही या घराने त्यांच्यापाशी राहू दिलं नाही. भाषा हिंदुस्थानी, मराठी आणि इंग्रजी. नाव इंग्रजी, कपडे इंग्रजी धर्तीचे. सात-आठ वर्षांच्या मुलाची भाषा रोज कुणी बोलत नसेल तर किती दिवस टिकते, हे परगावी गेलेल्या घरांना विचारावं. आणि याच मुलांना पुढे ‘तुम्ही आफ्रिकन आहात, आफ्रिकेत जाऊन आमचं काम करा’ असं सांगण्यात आलं.

पहिली काही जोडपी १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाईला गेली. जोन्स आणि सेमलर त्यांत होते. दुसऱ्या वर्षी आफ्रिकेत मोहिमा काढणारा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आला आणि आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी नाशिकची नऊ मुलं घेऊन गेला. त्याच्या रोजनिशीत या मुलांबद्दल तक्रारी बऱ्याच आहेत. मला त्या वाचून मुलांचीच बाजू दिसते. गोदावरीकाठी वाढलेल्या पोरांना रोवुमा नदीच्या जंगलात नेऊन सोडलं आणि ‘हे तुमचंच घर’ म्हटलं, तर ती बावरणार नाहीत तर काय करतील?

१८७२ मध्ये नाशिकच्या शाळेतले आणखी सहा जण लिव्हिंगस्टनकडे पाठवले गेले. त्यांत वेनराइट, वेलिंग्टन आणि फरार होते. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या साथीदारांनी शव किनाऱ्यापर्यंत न्यायचं ठरवलं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या बुंध्यात नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. शरणपुरात गिरवलेली अक्षरं मध्य आफ्रिकेतल्या एका झाडावर उमटली. तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर चालत, महिनोन्महिने, त्यांनी ते शव बागामोयोच्या किनाऱ्यावर आणलं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं तेव्हा पेटीपाशी चालणाऱ्यांत वेनराइट होता. तो नाशिकला शिकलाय, हे आज वेस्टमिन्स्टर पाहायला जाणाऱ्या नाशिककरालाही माहीत नसतं.

तोवर राजकारण बदललं होतं. सर बार्टल फ्रेअर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईतलं फ्लोरा फाउंटन मुळात त्यांच्या सन्मानासाठी बांधलेलं. तेच फ्रेअर पुढे झांजिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले आणि जून १८७३ मध्ये सुलतान बर्गशने गुलामांचे बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. आता समुद्रात सुटणारी माणसं आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसवायची, आणि ती वस्ती चालवायला नाशिकची तयार माणसं न्यायची, असं ठरलं. १८७४ च्या अखेरीस प्राइस मोंबासाला पोचले, पुढच्या वर्षी समोरच्या किनाऱ्यावर जमीन घेतली आणि तिला फ्रेअरांचं नाव दिलं. नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे जण तिथे गेले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. शरणपूरचं आफ्रिकन बालगृह यानंतर संपलं.

नकाशा उघडून बसा, असं मी मुलांना इथे सांगते. कारण इतिहास सांगणारे ‘ते आफ्रिकेत परत गेले’ असं एका दमात म्हणतात आणि पुढे जातात. ‘परत’ कुठे? याओ लोकांचा मुलूख मलावी सरोवराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला. मोंबासा तिथून उत्तरेला, हजार किलोमीटरच्या आसपास. नाशिकच्या माणसाला तंजावरला नेऊन सोडलं आणि ‘आलास की रे घरी’ म्हटलं, तर जसं होईल तसं हे. मोंबासाच्या आसपास राहतात ते मिजिकेंडा, म्हणजे ‘नऊ गावं’. गिरियामा, डिगो, डुरुमा, राबाई, रिबे अशा नऊ समाजांचं हे एकत्र नाव. त्यांची भाषा वेगळी, देवधर्म वेगळा, शेती वेगळी. शहरात स्वाहिली मुसलमान, अरब आणि कच्छी व्यापारी. या सगळ्यांत इंग्रजी कपडे घातलेले, हिंदुस्थानी आणि इंग्रजी बोलणारे, चर्चला जाणारे हे काळे लोक नेमके कोण, हे कुणालाच कळेना. १८७५ मध्येच आरमाराने सोडवलेली दोनशेहून जास्त माणसं फ्रेअरटाउनला उतरवली गेली. त्यांतली कित्येक याओ, मकुआ, न्यासा या समाजांची. म्हणजे काही बॉम्बे आफ्रिकनांना समोर आलेल्या रडणाऱ्या पोरात आपल्याच मुलखाचं मूल दिसत असणार. त्याच्याशी बोलायला मात्र स्वाहिली आधी शिकावी लागली.

सुरुवातीची वर्षं सोपी नव्हती. बॉम्बे आफ्रिकन स्वतःला वेगळं समजत, वेगळ्या आळीत राहत, गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मान मागत. मिशनरी त्यांना उद्धट म्हणत. पगारावरून वाद झाले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला वस्तीच्या अधीक्षकाने दिलेल्या फटक्यांच्या शिक्षांची चौकशी झाली. ज्या माणसांना गुलामीतून सोडवून आणलं, त्यांच्याच पाठीवर पुन्हा वळ. हा भाग मी मुलांपासून लपवत नाही. बालगृह चालवणाऱ्याचा हेतू कितीही पवित्र असला, तरी मुलांवर आणि माणसांवर एकाच हाताची पूर्ण सत्ता असली की काय होतं, हे त्यांना कळायला हवं.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो विल्यम जोन्स. याओ मूल, लहानपणी पकडलेलं, शरणपुरात लोहारकाम आणि धर्मशास्त्र शिकलेलं. तो राबाईला राहिला. राबाई मोंबासाच्या मागच्या टेकाडावर. योहान क्राफ या जर्मन मिशनऱ्याने १८४० च्या दशकात तिथे ठाण मांडलेलं, पण पुढची तीस वर्षं स्थानिक माणसं फारशी जवळ आली नव्हती. जोन्स तिथे टिकला, भाषा शिकला, लोकांत वावरला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने त्याला आणि सेमलरला धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी तो हॅनिंग्टनबरोबर मसाई मुलखातून बुगांडाच्या, म्हणजे आजच्या युगांडातल्या राज्याच्या वाटेवर निघाला. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेला, मारला गेला. बाकीचा तांडा शेकडो मैल सांभाळून परत आणला तो जोन्सने. पूर्व आफ्रिकेची ओळख त्याला अशी पायांनी झाली.

आणि त्याच्याच देखरेखीखालच्या राबाईत काय घडलं ते पाहा. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येऊ लागले. मालक चिडले, मिशनऱ्यांचे वरिष्ठही बिचकले, कारण पळालेल्याला ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बसत नव्हतं. तरी माणसं येत राहिली आणि राबाईत घरं वाढत राहिली. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ ला राबाईत चौदाशेहून अधिक जणांना मुक्ततेचे कागद दिले गेले. शरणपूर नावाच्या गावात वाढलेल्या मुलाने दुसऱ्या खंडात जाऊन आसऱ्याचं गाव उभं केलं. शरणपूरला ही गोष्ट सांगणारी पाटी लागावी, अशी माझी फार इच्छा आहे.

राबाईच्या आसपास जोन्सला रोज काय दिसत असेल, हे मुलांना दाखवता येतं. संस्कृतीची ओळख इथून सुरू होते आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेते.

पहिली गोष्ट काया. मिजिकेंडांची जुनी तटबंदीची गावं दाट रानाच्या मधोमध असत, त्यांना काया म्हणतात. वस्ती उठली, रान राहिलं. तिथे झाड तोडायचं नाही, जायचं तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेने. पूर्वजांचं स्थान म्हणून ते जपायचं. २००८ मध्ये युनेस्कोने किनाऱ्यालगत सुमारे २०० किलोमीटरमध्ये पसरलेली ही राखीव रानं जागतिक वारशात घेतली. एवढं सांगेपर्यंत कोकणातलं आजोळ असलेला एखादा मुलगा ओरडतोच, “बाई, देवराई!” हो, देवराईच. त्या क्षणापासून राबाई त्याच्यासाठी परकं राहत नाही.

दुसरी गोष्ट नारळ. या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेल्या छपराला माकुटी म्हणतात. आणि नारळ खवण्याचं तिथलं साधन म्हणजे घडीची छोटी लाकडी बैठक, तिच्यातून पुढे आलेलं दातेरी लोखंडी पातं. तिला स्वाहिलीत म्बुझी म्हणतात. म्बुझी म्हणजे बकरी. समोरून पाहिलं तर मान पुढे काढून बसलेल्या बकरीसारखीच दिसते. आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी बरीच वर्षं मोंबासात संसार केला. त्यांनी आपली म्बुझी एकदा वर्गात आणली. मुलींपैकी एकीच्या घरची लोखंडी खवणी मी मागवून घेतली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. मावशी म्बुझीवर बसल्या, दोन्ही गुडघ्यांमध्ये परात धरली आणि नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून मनगटातून फिरवायला लागल्या. खर्र खर्र असा आवाज, परातीत पांढरा चव. “तिथली शेजारीण मला म्हणायची, काळा भाग येऊ द्यायचा नाही. माझी सासूही तेच म्हणायची,” असं म्हणून त्या हसल्या. पाठीमागच्या बाकावरची मुलं बाकांवर उभी राहिली. त्या दिवशी मी कुणाला खाली बसा म्हटलं नाही.

शब्दांचा तास वेगळा घेते. स्वाहिलीत दुकानाला दुका, गाडीला गारी, आंब्याला एम्बे, पोत्याला गुनिया, लाखाला लाकी आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुंबारी म्हणतात. चपाती तर चपातीच. व्यापाराच्या गलबतांनी हे शब्द तिकडे नेले आणि तिकडचेही इकडे आणले. गुजरातेतल्या सिद्दींच्या ‘गोमा’ नाचाचं नाव स्वाहिलीतल्या ‘न्गोमा’वरून, म्हणजे ढोल. जंजिऱ्याचे सिद्दी आणि इतिहासाच्या पुस्तकातला मलिक अंबर मुलांना ठाऊक असतात. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता, हे सांगितलं की त्यांना पुस्तकातलं नाव आणि शरणपूरची मुलं एकाच समुद्रावर दिसू लागतात. आपल्याकडे आफ्रिका लिव्हिंगस्टनच्याही कितीतरी आधी आलेली होती.

नमस्काराचंही असंच. किनाऱ्यावरचं मूल मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणतं. ‘मी तुमचे पाय धरतो’ असा त्याचा अर्थ सांगतात. मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून तो स्वीकारायचा. वर्षभर आमच्या वर्गात माझं स्वागत ‘शिकामो’नेच होतं आणि मला ‘मराहाबा’ म्हणावंच लागतं, नाहीतर मुलं खाली बसत नाहीत.

शेवटचा भाग कांगा, तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते कापड. जोडीने येणारी दोन कापडं, चारी बाजूंनी काठ, मधे मोठी नक्षी आणि नक्षीखाली एक ओळ छापलेली. म्हण असते, टोमणा असतो, आशीर्वाद असतो. बाई कापड घेताना ओळ वाचून घेते. मावशींनी दिलेल्या कांगावर ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ असं आहे. थोडं थोडं करत माप भरतं. मी अर्थ सांगण्याआधीच ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असं कुणीतरी म्हणतं. मग वहीच्या पानावर प्रत्येकाने आपला कांगा काढायचा आणि आपल्या घरातली एखादी ओळ लिहायची. आजी रोज काय म्हणते, आई रागावली की काय म्हणते. ‘मदत करा’ लिहिणाऱ्या मुलीने या वेळी लिहिलं होतं, ‘आधी जेव, मग बोल.’ तिच्या आज्जीचं वाक्य. ते वाचून मला फार बरं वाटलं.

अडचणी आल्या, त्या सांगायला हव्यात. एका पालकांना वाटलं की ख्रिस्ती संस्थेची गोष्ट म्हणजे धर्माचा प्रचार. मी त्यांना वर्गात येऊन बसायला सांगितलं, त्या आल्या. दुसऱ्या एका घरून उलट तक्रार आली, मिशनऱ्यांच्या चुका मुलांना कशाला सांगता? दोघांनाही माझं एकच म्हणणं होतं, गोष्ट अर्धी सांगितली की ती त्या मुलांची राहत नाही, आपली होते. ज्यांनी जीव वाचवला त्यांनीच नाव बदललं, आणि ज्याचं नाव बदललं त्याने पुढे चौदाशे लोकांच्या सुटकेला हातभार लावला. सहावीतल्या मुलाला हे सगळं एकाच वेळी मनात ठेवता येतं, हे मी पाहिलंय. मोठ्यांना जरा वेळ लागतो. माझी स्वतःची चूकही झाली. पहिल्या वर्षी मी सगळं ‘आफ्रिकन संस्कृती’ या एकाच नावाने शिकवलं. कुणी घाना, नायजेरियाची चित्रं चिकटवून आणली तरी मी शाबासकी दिली. शरणपूरच्या लोकांनी याओ आणि राबाईमधला फरक न करून जी गफलत केली, तीच मी करत होते. आता फळ्यावर आधी नकाशा आणि त्यावर मलावी सरोवर, किल्वा, झांजिबार, राबाई अशी चार ठिकाणं, मग पुढचं सगळं.

मॅथ्यू वेलिंग्टन म्हणजे चेंग्विम्बे १९३५ मध्ये मोंबासात वारला. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या साथीदारांपैकी सगळ्यात उशिरापर्यंत जगलेला हाच, असं मानतात. फ्रेअरटाउनमध्ये १९०३ साली सुरू झालेली धर्मशिक्षणाची शाळा १९३० मध्ये नैरोबीजवळ लिमुरूला गेली आणि आज तिचं सेंट पॉल्स विद्यापीठ झालंय.

प्रकरण संपतं तेव्हा आम्ही कोडी घालतो, तीही तिकडच्या रीतीने. घालणारा म्हणतो, “कितेंदाविली!” सगळे ओरडतात, “तेगा!”, म्हणजे घाल. उत्तर आलं नाही तर घालणारा म्हणतो, “निपे म्जी,” मला एक गाव दे. हरलेल्यांनी एक गाव द्यायचं, घालणाऱ्याने ते घ्यायचं किंवा नाकारायचं. मनासारखं गाव मिळालं की उत्तर सांगायचं.

यंदा मी कोडं घातलं, न्युंबा यांगू हाइना म्लांगो. माझ्या घराला दार नाही.

कुणाला येईना. वारूळ म्हणाले, पेटी म्हणाले, एकाने विहीर सांगितली. मी गाव मागितलं. पुणे दिलं, नाकारलं. मुंबई दिली, नाकारली. खिडकीजवळच्या मुलाने नैरोबी दिली, तीही नाही. वर्गात गोंगाट झाला, बाई चीटिंग करताहेत म्हणून. मग मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, शरणपूर घ्या.”

मी घेतलं आणि उत्तर सांगितलं. अंडं.